निकामी

झोर्कोची तिसाव्या दिवसाची मिस्सा झाली.
कोठारात त्याचे दोनशे अकरा तोफगोळे
अजून तसेच उभे आहेत, उंचीप्रमाणे,
शाळेच्या फोटोतल्या पोरांसारखे.
पुढे इटलीचे बुटके, मागे ऑस्ट्रियाचे थोराड,
आणि कोपऱ्यात एकटा तो, माझ्या कमरेएवढा,
जो आणायला ट्रॅक्टर लागला
आणि मी तीन दिवस बोलले नाही.

एकतीस वर्षं त्यानं या दरीत टपाल वाटलं.
निवृत्त झाला, पण पायांना ते कुणी कळवलं नाही.
क्रनच्या उतारावर, घसरत्या दगडांत,
सकाळी रिकामी पिशवी, संध्याकाळी जड.
प्रत्येक गोळ्याच्या गळ्यात पार्सलसारखी चिठ्ठी:
कुठे सापडला, कधी, किती मिलिमीटर.
पाठवणारा: राजा, किंवा सम्राट.
घेणारा: इथे नुसती आडवी रेघ.

"सगळे निकामी आहेत गं," म्हणायचा,
बुडाचं भोक दाखवायचा, आत बोट घालून,
बाजारात गाईचे दात दाखवतात तसं.
"निकामी. माझ्यासारखेच."
आणि हसायचा.
मी नाही हसायचे.

त्याच्या बापाच्या उजव्या हाताला दोनच बोटं होती.
उपासाच्या वर्षांत गोळ्यांवरची तांब्याची पट्टी
छिन्नीनं सोलून विकायची सगळी दरी.
तांब्याच्या वजनाला पीठ मिळायचं,
बोटांचा हिशेब वेगळा.
सासरे म्हणायचे, दोन बोटांनी
मीठ तरी बेताचं पडतं.

आमचा घेवडा अजून सैन्याच्या खांबांवर चढतो,
डुकराच्या शेपटीसारखे पिळलेले खांब.
चर्चमध्ये पितळी काडतुसात डेलिया.
हेल्मेटला दांडा लावून
शेजारचा फ्रान्से शेणखड्डा उपसतो.
युद्ध इथे कुणी जपत नाही, वापरतं.
जपणारा एकटा झोर्को.

काल नागरी संरक्षण खात्याची मुलगी आली, ब्रिना.
उदिनेचा एक व्यापारी सगळे घ्यायला तयार आहे,
पण आधी त्याला कागद हवा.
गुडघ्यांवर बसून एकेक तपासत गेली.
निकामी. निकामी. निकामी.
दोनशे अकरा वेळा.
दुपारचे तीन वाजले. मी म्हटलं, पोरी, दमलीस,
चल, कोबी चाखून जा.

तळघरात ती पिंपावरची फळी उचलायला वाकली
आणि वाकलेलीच राहिली.

फळीवर दाब म्हणून ठेवलेला,
एकोणीस हिवाळे मी उचललेला, पुसलेला,
पुन्हा दोन्ही हातांनी हळूच ठेवलेला,
चिठ्ठी नसलेला, कारण तो त्याचा नव्हता, माझा होता,
ओढ्यात धुणं धुताना मलाच मिळालेला,
आकार बरा, वजन बरं, म्हणून आणलेला.
झोर्कोला आंबट कोबीच्या वासाची शिसारी.
तो कधी तळघरात उतरलाच नाही.

"आजी," ती म्हणाली, अगदी हळू,
"वर चला. काही न घेता चला."

पोटात गोळा येतो म्हणतात.
माझ्या आला तो नंतर, संध्याकाळी,
पलीकडच्या खाणीत त्यांनी त्याला फोडला तेव्हा.
खिडकीची काच थरथरली, एवढंच.
फ्रान्सेचा कुत्रा दोनदा भुंकला.
मला वाटलं, कोठारात जाऊन कुणाला तरी सांगावं.

आज पिंपावर नदीतला दगड ठेवला.
हलका पडतो. पाणी नीट वर येत नाही.
मग पुढच्या रांगेतला एक बुटका उचलून आणला,
गळ्यातली चिठ्ठी सोडली, एप्रनच्या खिशात ठेवली,
त्याला उकळत्या पाण्यानं तीनदा धुतला.

कागदावर दोनशे अकरा आहेत.
व्यापारी मोजेल.
मोजू दे.